एक बोल्ट कमी

पुंडलिकनानांच्या उजव्या कानावर कायम ग्रीसचा काळा डाग असायचा. गाडी कुणाचीही असो, इंजिन चालू दिसलं की ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. मग निकाल. "काय बी बिघडू द्या, पह्यले खोलीसन दखा, मंग रडा." हे वाक्य मी त्यांच्याकडून घड्याळाबद्दल, पंपाबद्दल आणि एकदा माझ्या तापाबद्दलसुद्धा ऐकलं आहे.

मी तेव्हा सोनगीरच्या शाळेत शिकवत होते आणि नानांच्या भिंतीला भिंत लागून भाड्याने राहत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यांनी उतारवयात एक जुनी अँबॅसिडर घेतली होती. धुळ्याला माणसं ने-आण करायचे, शिवाय तुकडाभर शेतात कापूस लावायचे. मूलबाळ नव्हतं. घरात भांड्यांपेक्षा पाने-पकडी जास्त, आणि त्यावरून सिंधूअक्का, म्हणजे त्यांची बायको, त्यांना येता-जाता टोमणे मारायची. ते टोमणे भिंतीतून मलाही ऐकू यायचे. त्याच अक्काच्या कंबरेच्या हाडात रोग उतरला आणि भिंतीपलीकडून नुसतं कण्हणं येऊ लागलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी "घरी न्या" एवढंच सांगितलं. अक्काला सगळं समजलं. तिचं मागणं एकच होतं, "मले एक डाव मन्ही मायले भेटनं शे." तिची आई तापीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी राहायची, आंधळी, अंथरुणाला खिळलेली. अक्काला बसता येत नव्हतं, बसगाडी शक्यच नव्हती. जीपवाले अशा बाईला गाडीत घ्यायला तयार नव्हते. वाटेत काही झालं तर, म्हणायचे. राहिली नानांची अँबॅसिडर. आणि तीही नेमकी त्याच आठवड्यात तापून बंद पडलेली, इंजिनाच्या वरचं लोखंडी हेड वाकडं झालेलं.

असं हेड सपाट करून देणारे धुळ्याचे कारखाने दिवाळीसाठी बंद. उघडे असते तरी औषधांनंतर नानांच्या खिशात काही उरलेलं नव्हतं. त्यांनी हेड स्वतःच उतरवलं, खांद्यावर पोतं टाकून त्यावर घेतलं आणि माझ्या दारात उभे राहिले. "बाई, तुमना ओटाइतली सपाट जागा बठ्ठा गावमा नही." माझा कडाप्प्याचा ओटा नवाकोरा होता. मी मुकाट्याने डबे उचलले. त्यांनी त्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि ते जड हेड दोन्ही हातांनी गोल-गोल घासायला लागले. माझ्या चहाला रॉकेलचा वास, पोळीला लोखंडाची कच. एरवी मी भांडले असते. पण घासता घासता नानांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि ते पुसायलाही थांबत नव्हते.

व्हॉल्व्ह बसवायचं काम त्यांनी अक्काच्या खाटेजवळ केलं. व्हॉल्व्हला घासायची पेस्ट लावून काठीने तो तळव्यांत रवीसारखा घुसळायचा, म्हणजे आपल्या जागी घट्ट बसतो. अक्का डोळे मिटून ऐकायची. खरखर थांबून आवाज मऊ झाला की म्हणायची, "हाऊ झाया. आते दुसरा ल्या." जन्मभर ताक घुसळलेल्या बाईचा कान. त्या दिवशी ती कण्हली नाही.

शेवटी बोल्ट आवळायचे राहिले. सगळे सारख्या ताकदीने आवळावे लागतात, आणि ती ताकद मोजणारा पाना धुळ्याचा ओळखीचा मेस्त्री बाहेर देत नव्हता. त्याने नानांना किती किलोंची ओढ द्यायची तो आकडा तेवढा सांगितला. नानांनी डोकं चालवलं. गावात कापूस मोजायचा व्यापाऱ्याचा लोंबता काटा त्यांनी मागून आणला, पान्याच्या टोकाला अडकवला आणि आकडा बघत एकेक बोल्ट ओढत गेले. मी शेजारी उभी राहून आकडे वाचत होते. शेवटच्या बोल्टाला कट्कन आवाज झाला. बोल्टाचं डोकं नानांच्या पायाशी पडलं, धड इंजिनात अडकून राहिलं.

नाना काट्याकडे बघत राहिले. तो काटा कमी दाखवतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. शेतकऱ्याचा कापूस त्यात नेहमी कमीच भरायचा. म्हणजे आकडा पुरा येईपर्यंत नानांनी बोल्ट कितीतरी जास्त ओढले होते. दर हंगामात त्या काट्याला शिव्या घालणारा माणूस त्या घाईत हेच विसरला होता. आतून अक्काचा क्षीण आवाज आला, "त्या काटानी आपला कापूस खादा, आते बोल्ट बी खादा." ती हसत होती. नाना तोंडात टॉवेल कोंबून रडत होते.

बाकीचे बोल्ट सैल करून त्यांनी हाताच्या अंदाजाने पुन्हा आवळले आणि पहाटे आम्ही तसेच निघालो. अक्काचं डोकं माझ्या मांडीवर. एक बोल्ट कमी, त्या कोपऱ्यातून वाफ फुसफुसत होती. जिथे पाणी दिसेल तिथे नाना डबा घेऊन धावत होते. तापीचा पूल ओलांडला तेव्हा ते इंजिनाशीच बोलत होते, "एवढा डाव ने रे भो." उन्हं चढता चढता पोहोचलो. अंगणात शिरली आणि गाडी कायमची बंद पडली.

म्हातारीने अक्काच्या चेहऱ्यावरून, दंडावरून हात फिरवला. मग मान हलवली. "हाई मन्ही सिंधू नही. मन्ही सिंधू अंगानी भरेल शे." अक्काने बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटेना. मला तिथे उभं राहवेना. तेवढ्यात म्हातारीने तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं आणि थोपटायला लागली. "कोनी बी पोर राहो. नीज माय, नीज." अक्का झोपली. दोन-तीन दिवसांनी ती तिथेच गेली.

अग्नी देऊन आल्यावर म्हातारीने विचारलं, "जवाई, मन्ही सिंधूले कव्हय लई येशात?" नाना तिच्या पायाशी बसले होते. म्हणाले, "गाडी नीट व्हई का लई येसू, माय."

गाडी नदीपर्यंत बैलांकडून ओढून आणि पुढे ट्रकला बांधून सोनगीरला आणली. नानांनी तिचं बॉनेट उघडलं नाही. धुळ्याचा मेस्त्री तुटका बोल्ट फुकट काढून द्यायला तयार होता, त्यालाही त्यांनी परत पाठवलं. दुसऱ्यांच्या गाड्या ते खोलायचे, ही दारात धूळ खात उभी. लोक म्हणायचे, नानांचं मन उडालं. मला कारण माहीत होतं, म्हणून मी कधी विषय काढला नाही. गाडी नादुरुस्त होती तोवर म्हातारीला दिलेला शब्द खोटा ठरत नव्हता.

पुढे बऱ्याच दिवसांनी तापीपलीकडून माणूस आला, म्हातारी गेली असं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कडी वाजली. नाना उभे होते, आंघोळ केलेले, खांद्यावर रिकामं पोतं.

"बाई," ते म्हणाले, "ओटा रिकामा शे का?"