यादीतलं पहिलं नाव

हे परवापर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नव्हतं. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण परवा रविवारी स्वयंपाकघरात बल्बचा नवा होल्डर लावायला स्टुलावर चढलो, नको त्या दोन तारांची गाठ घालून दिली, ठप्प आवाज झाला आणि सबंध घराची लाईट गेली. मिक्सरमधली चटणी अर्धवट राहिली. खालून बायको म्हणाली, "बारावी सायन्स पास हायत म्हणे! एक होल्डर लावता येईना."

ती हसली. मीही हसलो. पण मग उतरून त्याच स्टुलावर बसून राहिलो. बारावी सायन्स — या दोन शब्दांपाशी काय पुरलंय, हे तिला कुठं ठाऊक होतं?

हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाली नव्हती. आमचं गाव कळमनुरीकडचं. गावाला लागून तांडा, आणि तांड्यावर किसन. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. मी पाठांतराचा हुशार, तो हातांचा. विहिरीवरची मोटर बंद पडली की मोठी माणसं आधी त्याला हाक मारायची. दहावीतलं पोरगं मोटरला कान लावून डोळे मिटायचं, आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे. मी पाना धरायचो. बहुतेक वेळा चुकीचा.

दहावी झाली. "सायन्स घ्या," गुरुजी म्हणाले, "पुढं सगळे रस्ते मोकळे राहतात." कॉलेजात दुसरंही एक होतं — किमान कौशल्य. अकरावी-बारावीलाच एक काम नीट शिकवायचे. त्यात इलेक्ट्रिकल होतं. जागा थोड्या. किसनचा जीव तिथं अडकलेला. मला काय हवंय हे मला कधीच कळलं नाही, त्यामुळं सगळे रस्ते मोकळे असलेले बरे वाटायचे. त्यानं भरला म्हणून मीही तो अर्ज भरला. मी गळ घातली म्हणून त्यानं सायन्सचा भरला.

"सायन्सला सगळंच असतंय की," मी म्हणायचो.

"मला सगळं काय करायचंय?" तो म्हणायचा. "मला मोटर पायजे."

यादी लागायची होती तेव्हा पेरणी चालू होती. आमच्याकडं रीतच होती — अशा दिवसांत एकानं तालुक्याला जायचं आणि सगळ्यांचं पाहून यायचं. तो सांगेल ते खरं. मागून जाऊन दुसऱ्यानं पुन्हा पाहणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं. त्या दिवशी मी गेलो.

फळ्यावर इलेक्ट्रिकलची यादी होती. पहिलं नाव किसनचं. मी खालपर्यंत वाचली, पुन्हा वरून वाचली. माझं नव्हतं.

परतीच्या एसटीत काय विचार केला? काहीच नाही — असं म्हणायला मला आवडलं असतं. सबंध वाटेत मी एकच पाहत होतो: कळमनुरीतला अनोळखी वर्ग, इंग्रजीतून बोलणारे सर, शहरातली पोरं, आणि बाकावर मी एकटा.

किसन हळद लावत होता. कोपरापर्यंत चिखल.

"काहून रे गप? लागली का यादी?"

"लागली."

"मग?"

"न्हाई रे. तुजं बी न्हाई, माजं बी न्हाई."

तो हाताकडं पाहत राहिला. "बराबर पाह्यलं ना तू?"

"बराबर पाह्यलं."

झालं. एवढंच. तीन दिवसांत जाऊन नाव पक्कं करायचं होतं. ते तीन दिवस मी तांड्याकडं फिरकलो नाही. आईला वाटलं, पोरगं आजारी पडलं.

मग आम्ही दोघं सायन्सला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तो मधल्या सुट्टीत इलेक्ट्रिकलच्या वर्कशॉपच्या पत्र्याकडं एक चक्कर मारून आला, आणि गुमान वर्गात बसला. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, शाळेत मराठी आणि आता एकदम सगळं इंग्रजी — तो आकृत्या सुंदर काढायचा, त्याखाली काय लिहायचं ते माझं पाहून लिहायचा. दिवाळीनंतर तो आलाच नाही. उरलेलं दीड वर्ष त्या बाकावर मी एकटाच बसलो. बारावी झालो, मास्तर झालो. यादी लागली की माझ्या शाळेतल्या पोरांना सांगतो — आपलं नाव आपल्या डोळ्यानं पाहून या. पोरं मला पाठीमागं हसतात. हसू द्या.

काही वर्षांनी, हिंगोली जिल्हा झाल्यावर, आमची विहिरीतली मोटर जळाली. कळमनुरीहून मिस्त्री आला. बोलता बोलता कळलं — तोही त्याच इलेक्ट्रिकलचा, त्याच वर्षीचा. मोटर वर ओढायला चार माणसं लावली होती, त्यांत किसन. हातात दोर. मिस्त्री इकडं तिकडं चाचपत होता. किसन हळूच म्हणाला, "खालचं बेअरिंग पाहा." ते खालचं बेअरिंगच होतं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तुमी कुठं शिकलात?" किसन हसला आणि त्यानं दोर गुंडाळायला घेतला. मी काठावर उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी चहा सांगायला घरात गेलो.

परवा अंधाऱ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून हे सगळं बायकोला सांगितलं. किसनला ती चांगली ओळखते; आमच्या लग्नाच्या मांडवातल्या माळा त्यानंच जोडल्या होत्या. ती चटणीचं भांडं पुसत राहिली. मग विचारलं, "ते वर्कशॉप अन् तो यादीचा फळा, एकाच बाजूला व्हते का?"

मी म्हणालो, व्हय. यादी तेव्हाही फळ्यावरच होती.

"अन् तिकडून आल्यावर," ती म्हणाली, "तुमच्याच शेजारी येऊन बसला ना तो?"