अक्कांची पायरी

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. त्यात ही गोष्ट आठवली की अजून राग येतो. पण अक्कांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुरुम गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का भांडायच्या नाहीत, बसायच्या. ज्यानं फसवलं त्याच्या दुकानाच्या पायरीवर पाण्याची बाटली घेऊन बसायच्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण का बसलोय ते सांगायच्या. म्हणायच्या, "वरडलं की माणूस उलटा वरडतो. बसलं की त्याला काय करावं कळत न्हाय." मला भाजीवालीकडं सुटे पैसे मागायचीही लाज. अक्का चिडायच्या, "तोंड काय कुलपात ठेवलंस का गं?"

अर्धं काम त्यांना खपायचं नाही. अंगण झाडलं की आमचंही झाडायच्या. खंडेनवमीला आमच्याकडं पूजेत विळा, खुरपं, शिलाई मशीन आणि माझ्या सोनीचा लॅपटॉप मांडला होता. सोनी त्यावर घरी बसून कंपनीचं काम करते. लॅपटॉप चालूच होता. अक्कांनी तो ओल्या फडक्यानं घासून पुसला, हळदकुंकू लावलं. मग उलटा करून खालीही तेलात कालवलेलं कुंकू बोटानं फासलं. "भाकरी देणाऱ्याच्या पोटालाबी लावावं."

दसरा झाला आणि लॅपटॉपला वायफाय दिसेना. मोबाइलवर तेच वायफाय चालत होतं. सोनीनं भिंतीवरचा डबा बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, काही उपयोग नाही. तिचे साहेब म्हणाले, परवापर्यंत चालू झालं नाही तर काम दुसऱ्याला देऊ. आम्ही बाजारातल्या दुकानात धावलो. दुकानदार लॅपटॉपकडं धड न बघताच म्हणाला, "आतलं वायफायचं कार्ड जळलंय. नवीन टाकावं लागंल. तीन हजार." शेवया-कुरडया विकून साठवलेले पैसे मी निमूट दिले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मिळाला, वायफाय सुरू.

दिवाळीच्या आवराआवरीत अक्कांचं फडकं पुन्हा त्यावरून फिरलं आणि वायफाय पुन्हा गेलं. या खेपेला सोनीनं ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "वरच्या ओळीत विमानाचं चित्र असलेलं बटण आहे बघ. चुकून दाबलं गेलं असेल, परत दाब." सोनीनं दाबलं आणि वायफाय आलं! मग तिला शंका आली. तिनं लॅपटॉप उलटा केला. स्क्रूंच्या खाचांत खंडेनवमीचं कुंकू तसंच घट्ट बसलेलं होतं. तिथं पेचकस लागलाच नव्हता. कार्ड बदललं म्हणे! मेल्यानं एक बटण दाबायचे तीन हजार घेतले होते. संतापानं मला रडू फुटलं.

अक्का म्हणाल्या, "फडकं माझं, बटन दाबलं म्या. पण खोटं त्यो बोलला. चल."

अक्कांनी लॅपटॉप उलटा करून कुंकू दाखवलं तसा दुकानदार हसला. "अक्का, तुम्हाला ह्यातलं काय कळतंय?"

"वायफायचं कायबी कळत न्हाय, तम्मा, धाकल्या भावा. कुंकवाचं कळतंय."

आणि त्या पायरीवर बसल्या. "या, या! हितं स्क्रू न काढता कार्ड बदलून मिळतंय!" दोन गिऱ्हाइकं माघारी गेल्यावर त्यानं दीड हजार काढले. उरलेले पुढच्या महिन्यात देतो म्हणाला.

पुढच्या महिन्यात अक्का तापानं पडल्या. मुलानं सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "निम्मं ऱ्हायलंय गं." त्या परत आल्या नाहीत.

दुकानदार दुखवट्याला आला होता. जाताना मला हळूच म्हणाला, "अक्काच गेल्या. आता मिटला विषय, व्हय ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अक्का गेल्या म्हणून याचं खोटं खरं झालं होतं का? दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली भरून मी त्याच्या पायरीवर जाऊन बसले. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "काय झालं, ताई? अशा का बसलाय?"

एक घोट पाणी प्यायले. "ह्यांनी स्क्रू न काढता..." एवढंच म्हणाले, तोच दुकानदार बाहेर आला आणि माझ्या हातात नोटा कोंबल्या. "घ्या, आणि उठा आता."

मी उठले नाही. तिथंच, त्याच्याच पायरीवर बसून एकेक नोट मोजली. दीड हजार पुरे भरल्यावर उठले.