मेण भरलेला देव

नाक्सोस बेटावरच्या खाणीत मोलोन अकरा उन्हाळे एकच दगड घडवत होता. त्यातून द्राक्षांचा देव दिओनिसोस काढायचा होता, सहा पुरुष उंच. देव डोंगरातच आडवा होता. दाढी झाली होती, खांदे झाले होते. पाठ डोंगरापासून सुटायची बाकी होती. टाकीला दिवसातून चार वेळा धार लावावी लागे. मोलोनचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. एवढा देव उभा राहिलेला बघायचा, मग काम सोडायचं, असं त्याने ठरवलं होतं.

दगड पारखायचं काम त्याच्या मेहुण्याचं, तेलेसचं. हातोडी मारल्यावर घणघणला तर दगड बोलका. बद्द वाजला तर मुका, म्हणजे आत तडा. तेलेस दरवर्षी वाजवून सांगायचा, "बोलका आहे, दाजी. हाणा." छातीचा भाग तो दुसऱ्या कुणाला देत नसे, स्वतः घासायचा. मोलोनला वाटे, मेहुणा मनापासून राबतो.

एका दुपारी देवाच्या बरगडीवर मधमाशी बसली. मोलोनने हाकलली. ती पुन्हा तिथेच आली, मागून दुसरी. त्याने नखाने खरवडलं. नखात मेण आलं, दगडाची पूड कालवलेलं. तो टाकीने उकरत गेला. तडा काखेपर्यंत होता.

त्याने तेलेसला बोलावलं. "कधीपासून?"

"दाजी, ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत या."

"कधीपासून, तेलेस?"

तेलेसने मान खाली घातली. "दुसऱ्या उन्हाळ्यापासून. सांगितलं असतं तर माणसं लगेच पारोस बेटावरच्या खाणीत गेली असती. खाण बंद. मग मी काय मासे मारू? वाटलं, दगड तासला जाईल तसा तडाही जाईल."

"वाटलं म्हणे! तेव्हा सांगितलं असतंस तर शेजारचा दगड धरला असता. तेव्हा मला हात होता."

"नाव तर तुमचंच झालं ना? सगळं बेट बघून जातं."

"उचलला की दोन तुकडे होतील. तू खाली उभा राहशील?"

खाणीतल्या बाकीच्या सात गड्यांनी ऐकलं होतं. ते दोर गुंडाळायला लागले.

घरी बायको मिर्तो मसूर शिजवत होती. परसातली मधमाश्यांची मडकी तिचीच.

"तेलेस मेण नेतो?"

"दरवर्षी नेतो."

"कशाला, ते ठाऊक होतं तुला?"

ती मसूर ढवळत राहिली. "तुम्ही घरी यायचात तेव्हा किती खुशीत असायचात. दादा म्हणाला, बोलू नकोस."

नऊ वर्षं ती रोज दारात विचारायची, आज देव कुठवर आला. आणि तो हौसेने सांगायचा.

मोलोन जेवला नाही. टाक्यांची पिशवी घेऊन तो धाकट्या भावाच्या गोठ्यात राहायला गेला. तिथे जनावरांना प्यायला कुंडी नव्हती. सकाळी तो कुंडीसाठी दगड बघायला निघाला. हिवाळ्याच्या आत कुंडी पुरी झाली.