राजूरच्या रांगेतली सतरा पार्सलं

ज्या दिवशी माझा आयडी बंद पडला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस होता. लोकांना हे पटत नाही, पण मला काय त्याचं!

पार्सल पोहोचवण्याच्या कामावर लागून तेव्हा चारच दिवस झाले होते. पहिला आठवडा परीक्षेचा. एका दिवसात पाचाहून जास्त पार्सलं परत नेली, की मोबाइलमधला आयडी बंद, म्हणजे काम संपलं. तालुक्यात अशी कामं नव्यानं निघत होती आणि पोरं त्यांवर तुटून पडत होती. स्कूटीवरची बाई मात्र मी एकटीच. मला हे काम हवं म्हणजे हवंच होतं. शिलाई मशीनवर वाकून वाकून मान गेली होती आणि इथे रोज नवा रस्ता!

त्या मंगळवारी भोकरदनच्या हबवरून, म्हणजे कंपनीच्या गोदामातून, बावीस पार्सलं उचलली. सगळी राजूरच्या आसपासच्या खेड्यांतली. पाच दिली आणि पुढे कुलूप, कुलूप, नुसतं कुलूप. चिडून एका ओट्यावर बसले आणि वडिलांना फोन लावला. ते जन्मभर मेंढरं घेऊन फिरलेले. खतासाठी कुणाच्या रानात किती दिवस कळप बसवायचा, हे शेतकऱ्याला गाठून तोंडीच ठरवायचे.

"पत्ता काय बघत बसलीस, माय? मानूस आज कुठं हाये ते बघ," ते म्हणाले. "अंगारकी हाये आज. समदे राजूरच्या गनपतीला गेले असतील. तुला सोताचा उपास बी ध्यानात न्हाई का?"

उपास ध्यानात होता, सकाळीच साबुदाणा खाऊन निघाले होते. पण उपास माझा एकटीचाच आहे असं धरून चालले होते. स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि स्कूटी वळवली.

गणपतीच्या डोंगराखाली हा गर्दीचा पूर! मी एकेकाला फोन लावत सुटले. "कुठं हायेत? नारळाच्या दुकानापाशी? थांबा, आलेच!" कुणी रांगेतून हात हलवायचं, कुणी कठड्यावरून ओटीपी ओरडून सांगायचं. एकीनं नवी साडी तिथेच उघडून शेजारणींना दाखवली. शेजारणी मलाच विचारायला लागल्या, अशी अजून हाये का म्हणून. मला इतका चेव आला होता की तहानही लागली नाही.

एक आजी मात्र रांग सोडायला तयार होईनात. "तीन घंट्यापासून उभी हाये. म्या जागा सोडनार न्हाई!" मग मीच कठड्याखालून आत शिरले. त्यांना ओटीपीचा मेसेज वाचता येईना, म्हणून मोबाइल माझ्याकडे दिला. पार्सलात गुडघ्याचा पट्टा होता. तो त्यांनी तिथेच बांधून घेतला. मी मेसेजांत ओटीपी शोधत राहिले आणि रांगेबरोबर चालत आम्ही थेट देवळाच्या दारापर्यंत आलो. तेवढ्यात शेवटच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तो पार्किंगमध्ये गाडी सुरू करून थांबला होता. मी धावत खाली उतरले. सतराच्या सतरा पार्सलं दिली!

आणि तिथेच, स्कूटीपाशी, स्क्रीन लाल झाली. हबच्या सुपरवायझरचा फोन आला. "ताई, सतरा पार्सलं एकाच जागेवर? मशीननं खोटी डिलिव्हरी धरली. आयडी बंद झालाय. मी फारतर तपासणी लावतो."

इतकं पळून शेवटी खोटी मीच!

दुसऱ्या दिवशी सकाळीच हबवर जाऊन बसले. कंपनी गिऱ्हाइकांना फोन करून विचारत होती. दुपारी सुपरवायझरनं मला जवळ बोलावलं आणि त्यातलं एक बोलणं ऐकवलं. आवाज त्या आजींचा होता.

"पार्सल भेटलं का म्हून काय इचारता? पट्टा बांधूनच तं पायऱ्या चढले म्या. पोरगी देवाच्या दारापस्तोर आल्ती अन् दर्शन न घेता मागं फिरली, तुमच्या कामापायी. अन् तुमी तिलाच खोटी म्हून राह्यले?"

आयडी त्याच दुपारी चालू झाला. मी सगळ्यांसमोर रडले, हसले, आणि लगेच पिशव्या भरायला घेतल्या. त्या आजींचा चेहरा मात्र आठवून आठवूनही डोळ्यांपुढे येईना. रांगेत सगळा वेळ मी त्यांच्या मोबाइलकडेच बघत होते.