ओटीचे सत्तावीस नारळ

"आधार तोरसी, अम्मा! आधार!" (तोरसी म्हणजे दाखवा.) कंडक्टर एवढ्या जोरानं ओरडला, की शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या बसमधल्या दोघांनी आपापली आधारकार्डं काढली.

तो ओरडत होता माझ्या बायकोवर, सुलभावर. तिनं कार्ड पुढं केलं. त्यानं पत्ता वाचला आणि आणखी वरची पट्टी लावली, "सातारा! ये कर्नाटक का नहीं है. टिकट लो!"

चूक माझी होती. कर्नाटकात साध्या बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही, एवढं मी निघण्याआधी ऐकलं होतं. बाई कर्नाटकातलीच हवी, हे उरलेलं अर्धं ऐकायला थांबलो नव्हतो. पण चूक कबूल करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी खिडकीशी बसल्या बसल्या म्हणालो (खिडकी कायम माझी असते, मला वारा लागतो), "अहो, बाई ती बाई. तिला राज्य कसलं विचारता?"

भांडण वीसेक रुपयांचं दिसत होतं, पण तेवढंच नव्हतं. माझा भाचा निनाद व्हाइटफील्डला आयटीत आहे. कंपनीनं त्याला महिनाभर परदेशी धाडलं, तेव्हा त्याचा फोन आला, "मामा, फ्लॅट रिकामा आहे, तुम्ही दोघं या ना. बाल्कनीतल्या झाडांना पाणी घाला, बस." महिनाभर फुकट घर! मी त्याच क्षणी सुलभाला शब्द दिला की जाताना रेल्वेनं जाऊ, तिथं काटकसरीनं राहू, आणि वाचेल त्यातून परत येऊ विमानानं. सुलभा आजवर विमानात बसलेली नाही. गच्चीवर पापड घालताना वरून विमान गेलं, की ती पापड कावळ्यांच्या स्वाधीन करते आणि ठिपका नाहीसा होईपर्यंत मान वर करून उभी राहते. तेव्हा वाचलेला एकेक रुपया म्हणजे त्या विमानाचा एकेक खिळा होता. तो मी कंडक्टरला उपटू देणार होतो थोडाच?

एवढ्यात पुढच्या बाकावरची एक ठसठशीत बाई वळली. मांडीवर भाजीच्या दोन पिशव्या. "सातारचे काय तुम्ही?" चक्क मराठीत! मग कंडक्टरकडे हात करून, "अण्णा, स्वल्प (जरा) थांबा. आमचे पाहुणे हे." आणि मी खिशात हात घालण्याचं नाटक पुरं करायच्या आत तिनं सुलभाचं तिकीट काढलंसुद्धा.

ही कमलक्का. घर बनशंकरीत, नवऱ्याचं जयनगरात कापडाचं दुकान. पूर्वज साताऱ्याकडून किती पिढ्यांपूर्वी आले ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण आमचा पत्ता ऐकून तिचा चेहरा असा झाला, जणू माहेरचं कुणी भेटलं.

"लालबाग कुठं पळून जात नाही," आम्ही तिथली बाग बघायला निघालोय हे ऐकून ती म्हणाली. "आमच्या घरला चला. जेवूनच जायचं."

मी नको म्हणालो. एकदाच आणि हळू म्हणालो. मोठ्यानं म्हटलं असतं तर तिनं ऐकलंही असतं.

बनशंकरी यायला मात्र वेळ लागला. बेंगळुरूच्या रहदारीबद्दल लोक फार वाढवून सांगतात. मी फक्त पाहिलेलं सांगतो. सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारच्या स्कूटरवरच्या तरुणाला मिशी नव्हती. सुटलो तेव्हा होती.

कमलक्काच्या घरी अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची थापलेली भाकरी), हुळी (डाळभाज्यांची आंबटसर आमटी) आणि शेवटी फोडणीचा दहीभात. मी सात रोट्ट्यांवर थांबलो, कारण पीठ संपलं. तिचे सासरे आरामखुर्चीतून बारकाईनं माझ्याकडे पाहत होते. "किल्ला आहे काय अजून, साताऱ्यात?"

"आहे तर!" मी म्हणालो. "आमच्या खिडकीतूनच दिसतो."

सुलभाला ठसका लागला. आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. पण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांपुढं मी टाकी कशी सांगणार?

निघताना कमलक्कानं सुलभाला पाटावर बसवलं, अरिशिण-कुंकुम (हळदकुंकू) लावलं आणि ओटी भरली. खण, विड्याची पानं, आणि शेंडीचा टपोरा नारळ. तो नारळ हातात घेऊन पाहिला मात्र, माझ्या डोक्यात दिवा लागला. इकडे सवाष्ण घरी आली की रिकामी जात नाही. आणि कमलक्काला जावा, नणंदा, बहिणी मिळून किती? निम्मं बेंगळुरू!

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आज धाकट्या जावेकडे, उद्या जयनगरला मावशीकडे. सकाळी निघायचं, झाडांच्या सावलीतून जयनगरचे रस्ते पायी पालथे घालायचे, एखाद्या दर्शिनीत (उभ्यानं खायचं छोटं हॉटेल) कापी (कॉफी) घ्यायची, एकच, दोघांत, आणि जेवायला कुणाच्या तरी घरी. किल्ला सगळीकडे दाखवावा लागला. तिसऱ्या आठवड्यात तो आमच्या अंगणातच आला होता.

नारळ निनादच्या दिवाणखान्यात साठत गेले. सुलभा म्हणायची, "अहो, दोनचार इथंच फोडू, गोड करू."

"खुळी की काय? आपल्याकडे नारळाचा भाव काय झालाय! घरी न्यायचे."

शेवटच्या आठवड्यात माझ्या हिशेबानं विमान पुरं झालं होतं, चाकांसकट. तिकिटं काढायला निनादला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सामान माणशी पंधरा किलो हं. वर गेलं तर किलोमागं पैसे लागतात, आणि बरेच लागतात."

मी निनादच्या वजनकाट्यावर पोतं घेऊन चढलो, मग पोत्याशिवाय. सत्तावीस नारळ. आमच्या दोन बॅगा धरल्या तर वरचं वजन तिसऱ्या माणसाच्या तिकिटाएवढं महाग पडत होतं.

"वॉचमनला देऊन टाका ना," निनाद फोनच्या स्पीकरवरून म्हणाला.

"ओटीतला नारळ देत नाहीत," सुलभा मागून म्हणाली. "घरी नेऊन गोड करायचा असतो. तेव्हा म्हणत होते मी, इथं करू."

मी घसा साफ केला. "मग असं करू. विमान काय, पुढच्या वर्षीही उडेल. आपण दोघं बसनंच जाऊ, नारळ घेऊन."

ती वळली. झारी घेऊन बाल्कनीत गेली. व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारतींवरून एक विमान वर चढत होतं. ती त्याच्याकडे बघत एकाच कुंडीत पाणी घालत राहिली. कुंडी भरली, वाहिली, आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अय्यो! बट्टे!" (कपडे!) तरी तिचा हात थांबला नाही.

मी झारी काढून घेतली. मग निनादला पुन्हा फोन केला. "एकच तिकीट काढ. मामीचं."

बसचा ड्रायव्हर पोतं बघून म्हणाला, "दुकान हाकता काय, सर?" (दुकान घालताय का?) मी म्हणालो, साताऱ्यात सत्तावीस देवळं आहेत, प्रत्येकाला एक. त्यानं पोत्याला नमस्कार केला आणि सामानाचे पैसे घेतले नाहीत. वळणावळणाला ते सत्तावीस जण बसच्या पोटात गडगडत होते, आणि मी वर ताठ बसून होतो. जागा मधली मिळाली होती. एका कडेला झोपलेला पैलवान, दुसरीकडे येण्याजाण्याची वाट. वारा म्हणून लागला नाही.

पण एक सांगतो. महिनाभरात आम्ही ना घरभाडं भरलं ना एका जेवणाचं बिल, आणि बायको विमानानं घरी पोहोचली. पैसे वाचवून प्रवास कसा करावा, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं. येताना फक्त नारळ आणू नये.

दारात पोतं टाकलं. सुलभा आदल्या दिवशीच पोहोचली होती. स्वयंपाकघरात खोवणी धुऊन ठेवलेली, गूळ चिरलेला. मी पाठ चोळत खुर्चीत बसलो आणि विचारलं, "काय गं, माझ्याशिवाय एकटीनं एवढ्या उंचावर... कसं झालं?"

तिनं पोत्यातला पहिला नारळ उचलला, शेंडी सोलायला घेतली.

"खिडकी मिळाली," ती म्हणाली.