शेगडीवर वाळवलेली चड्डी

नातीची चड्डी मी भाजली. वांगं भाजावं तशी. आणि मी कोण, तर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत भट्टीवर उभा राहणारा माणूस. डोळ्यांदेखत लोखंडाचं पाणी होताना रोज बघतो, पण निखाऱ्यावर ठेवलेल्या चड्डीचं काय होईल हे मला कळलं नाही. याला काय म्हणायचं ते बायकोनं तिथल्या तिथं म्हणून घेतलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, गुंजीला. दिलेली निपाणीकडं, तंबाखूच्या शेतीवाल्या घरात. आमच्याकडं पाऊस लागला की लागला, मग कपडे वाळत नाहीत, नुसते वास बदलतात. बायको कणकुंबीकडची. तिच्या माहेरी तर पावसात सूर्य दिसला तर माणसं दचकत असतील. तिकडची रीत तिनं लग्नात भांड्यांबरोबर आणली. बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीत निखारे घ्यायचे, वर ओवा आणि वावडिंग टाकायचं, शेगडीवर बांबूच्या कामट्यांचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर लंगोट पसरायचे. लंगोट वाळतात, ऊब धरतात, वासही गोड येतो. आमची लेक त्याच धुराच्या लंगोटांत वाढली.

पण लेकीनं स्वतःच्या लेकीसाठी आणल्या होत्या नव्या तऱ्हेच्या कापडी चड्ड्या. बाहेरून रंगीत, वर ससे आणि हत्ती, पोटाशी टिचबटणांच्या रांगा. आत एक खिसा, त्यात कापडाची जाड घडी सारायची. घडी ओल पिते, आणि बाहेरच्या कापडाला आतून एक पातळ थर असतो, तो ओल अडवतो. तिनं मला समजावून सांगितलं होतं, "आप्पा, वाऱ्यावर वाळवा, ऊन पडलं तर उन्हात. इस्तवाजवळ न्यायचं न्हाय." मी मान हलवली होती. माझी मान चांगली हलते.

माझ्या डोक्यात एकच पक्कं बसलेलं. कापडी म्हणजे लंगोट. नाव नवीन, किंमत नवीन, वस्तू तीच.

बायकोच्या डोक्यात वेगळंच. पहिल्याच दिवशी चड्डी गळली आणि तिच्या मांडीवरचं पातळ भिजलं, तेव्हापासून तिनं त्यांना हात लावायचं सोडलं. "फसवलंय तुला. ह्यापेक्षा माझं जुनं धोतर बरं. आन रोज उकळत बसायचं कुनी हे?"

"उकळायचं नस्तंय गं आई. आन कोरा टॉवेल कधी अंग पुसतोय काय? धुऊन धुऊन मऊ झाला की मग पितोय. हे बी तसंच."

"कोरा टॉवेल मी पोराच्या ढुंगणाला बांधत न्हाय."

मायलेकींचं असं जुंपायला लागलं तेव्हा मीच म्हणालो, धुणं माझ्याकडं द्या. दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. मी परसातल्या दगडावर त्या चड्ड्या घातल्या आणि धोपाटण्यानं असं काही बडवलं की शेजारच्या घरची कुत्री पळून गेली. धुणं बडवल्याशिवाय निघत नाही हे आपण लहानपणापासून बघतो. लेक आतून धावत आली आणि माझ्या हातातलं धोपाटणं तिनं हिसकावून घेतलं. "मारून टाकतासा काय त्यास्नी!" मग मी डोकं लढवलं. फौंड्रीतनं काळे हात धुवायचा साबण आणला. ग्रीस निघतं, मग हे काय चीज आहे? निघालं, फेसही भरपूर आला. तो फेस किती पाण्यानं जातो याची चौकशी मी केली नाही.

त्या दिवसांत निपाणीहून, लेक ज्यांना आत्या म्हणते त्या सासूबाईंचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. विहीणबाई. फोनवर त्यांचं निम्मं कपाळ आणि पूर्ण आवाज दिसायचा.

"पाय बघ कसं फाकल्यात पोरीचं. बेडूक झालाय बेडूक! पोरीची जात हाय, फेंगडी झाली तर कोन करून घेनार?"

"खानापूरच्या दवाखान्यात दाखवलंय, आत्या. नर्सबाई म्हनल्या, तान्ह्या बाळाचं पाय असंच असाय पायजेत."

"नर्सबाईला किती पोरं हायती? ओलं बांधून ठेवतीस दिवसभर, सर्दी हुईल. प्लास्टिक हाय त्यात, मी बघिटलंय मोबाइलात."

शेवटी एकदा त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. न्यायला येते. ते चड्ड्यांचं बोचकं चुलीत घालायचं आणि मग गाडीत बसायचं. नाहीतर बाळ त्यांच्याकडं आणि सून माहेरी.

फोन ठेवून लेक घड्या घालत बसली. रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, त्या घरात आमटीत मीठ किती घालायचं तेबी मला इचारत न्हाईत. एवढं एक माझं ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून बायको चड्ड्यांना शिव्या द्यायची बंद झाली.

विहीणबाई यायच्या त्या सकाळी दोरीवरच्या सगळ्या चड्ड्या ओल्या. मला वाटलं, पाहुणीसमोर लेकीची फजिती नको. बायको न्हाणीत बाळाला तेल चोळत होती, लेक माळ्यावरनं पेटी काढत होती. मी शेगडी फुलवली, ओवा टाकला, डालगं पालथं घातलं, वर सशाची चड्डी पसरली आणि चहा ठेवायला गेलो. परत आलो तर ओव्याचा वास नव्हता. मोटारीचं टायर जळावं तसा वास होता. ससा डालग्याच्या कामट्यांतून खाली गळत होता. मी तो ओढायला गेलो तर तो बोटांना चिकटला, आणि मी जी बोंब मारली ती स्टेशनावर ऐकू गेली असणार, कारण विहीणबाई रेल्वेतनं उतरून तिथनंच येत होत्या.

त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा घर काळ्या धुरानं भरलेलं, मी पाण्याच्या कळशीत हात बुडवून नाचतोय, आणि डालग्यावर अर्धा ससा.

"हे बांधताय माझ्या नातीला? हे?"

"विहीणबाई, बसा, चूक माझी—"

त्यांनी मला बाजूला सारलं. सारलं म्हणजे मी भिंतीला जाऊन लागलो. जन्मभर तंबाखूचं रान केलेली बाई, हात लाकडासारखे. बायकोनं बाळाला नुकतंच पाळण्यात घातलं होतं. विहीणबाईंनी त्याची चड्डी टराटरा उघडली. बटणं तुटायचीच बाकी होती. आत बाळाच्या मांड्या लाल, चट्टे उठलेले.

"साबन माझा हाय! फौंड्रीचा!" मी ओरडलो. खरंच ओरडलो. कुणी ऐकलं नाही.

लेक पेटी खाली ठेवून पुढं आली, आणि विहीणबाईंनी तिच्या कानशिलात मारली.

आवाज ओल्या कपड्यासारखा झाला. लेक दोन पावलं मागं गेली, तिचं डोकं पाळण्याच्या दोरीला लागलं, ओठ दातात सापडून फाटला. हनुवटीवर रक्त. ती बघतच राहिली, जणू कुणी तिला पत्ता विचारलाय. बाळ किंचाळायला लागलं.

पुढचं मी नीट बघितलं नाही, कारण मी त्याच्या मध्ये होतो. बायको न्हाणीच्या दारातलं धोपाटणं घेऊन आली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ओठ पांढरे, आवाज नाही. आवाज असता तर मी पळालो असतो. धोपाटणं वर गेलं, मी हात पसरून मध्ये शिरलो, आणि ते माझ्या गळ्याखालच्या हाडावर उतरलं. हाडातनं वीज गेली. मी खाली बसलो, बसताना शेगडीला पाय लागला आणि निखारे घरभर.

विहीणबाईंनी बायकोचा अंबाडा धरला, बायकोनं त्यांच्या दंडाला दात लावले. दोघी निखाऱ्यांवरनं नाचत होत्या, पातळाचे काठ जळत होते, आणि तोंडानं एकमेकींची सात घराणी मराठीत नि कानडीत काढत होत्या. मीही जमिनीवरनं दोन्ही भाषांत "पुरे! साकु!" ओरडत होतो. वय झालेल्या दोन बायका, एकीचे केस दुसरीच्या मुठीत, दुसरीचं मांस पहिलीच्या दातात. भांडण कशाचं, तर बाळाच्या ढुंगणाला काय बांधायचं.

विहीणबाई सुटल्या आणि पुन्हा लेकीवर आल्या. तुझ्यामुळं, तुझ्या फॅशनीमुळं. हात वर गेला.

लेकीनं तो धरला.

मनगट धरलं आणि दाबलं. आमच्या लेकीच्या हातात एवढी ताकद कुठनं आली होती ठाऊक नाही, बहुतेक माझ्या साबणाचा फेस पिळून पिळून आली असेल. बांगड्या एकापाठोपाठ एक कडाकडा गेल्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या सकाळी विहीणबाईंच्या हातातल्या सगळ्या हिरव्या बांगड्या वाढल्या, आणि काचा मनगटात घुसल्या. रक्त लेकीच्या बोटांतनं खाली गळायला लागलं. तरी तिनं सोडलं नाही.

"एकदा मारलंसा," ती म्हणाली. ओठ फाटलेला, त्यामुळं शब्द जाड येत होते. "आता न्हाय."

सगळं थांबलं. कौलांवरचा पाऊस ऐकू यायला लागला. बायकोनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर बादली उचलून निखाऱ्यांवर ओतली. निम्मं पाणी माझ्यावर आलं. वाफेत कुणाला कुणी दिसेना.

लेकीनं मनगट सोडलं ते विहीणबाईंना खाली बसवूनच. काचा एक एक काढल्या. रक्त थांबेना. हाताशी कापड नव्हतं, जे होतं ते सगळं ओलं नाहीतर जळकं. पेटीत एक कोरडी घडी होती, चड्डीच्या आत सारायची, धुऊन मऊ झालेली. तिनं ती मनगटावर दाबून धरली. बायकोनं हळद आणली. केस मोकळे, काठ जळलेला, आणि जिच्या दंडात आत्ताच दात घातले तिच्या मनगटावर हळद भरत होती.

विहीणबाई घडीकडं बघत होत्या. रक्त आत गेलं, बाहेर आलं नाही. त्यांनी घडी बोटानं चाचपली. वरची बाजू कोरडी.

"पितंय की गं हे."

"धुऊन धुऊन पितंय," लेक म्हणाली. "कोरं पीत न्हाय. तेल लागलं तरी पीत न्हाय. आन साबन ऱ्हायला तर पोराची कातडी जातीय." शेवटचं बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं. मी हाडाकडं बघितलं.

"मांड्या साबनानं लाल झाल्यात व्हय?"

"फौंड्रीच्या," मी म्हणालो. या वेळी ऐकलं.

विहीणबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की त्यांचा दुसरा हातही धरायला हवा असं मला वाटलं. मग मान खाली घालून त्या पुटपुटल्या, "हात लागला माझा."

"लागला न्हाय. मारलासा."

बाळ रडून रडून थकलं होतं, बायकोनं ते लेकीच्या मांडीवर दिलं. लेकीनं दुसरी घडी घेतली, आरडाओरड ऐकून आलेल्या शेजारणीनं दारातनं दिलेल्या कोरड्या पंचाची, आणि मघाचीच, शेवटची कोरडी चड्डी. टिचबटणं लागताना टक, टक असा आवाज येत होता, आणि आम्ही तिघं म्हातारपणाकडं झुकलेली माणसं तो आवाज ऐकत बसलो होतो.

"मी येनार हाय," ती म्हणाली. "हे सगळं घिऊन येनार हाय. पुढच्या आयतवारी तुमचं पोरगं न्यायला येऊ दे, आज न्हाय. आन परत हात उचलनार न्हाय म्हना, आत्या."

"न्हाय," विहीणबाई म्हणाल्या. फार हळू, पण म्हणाल्या.

दुपारच्या गाडीला त्या एकट्याच परत गेल्या. बायकोनं भाकरी बांधून दिली, आणि हातातल्या स्वतःच्या चार बांगड्या काढून त्यांच्या हातात चढवल्या. मोकळ्या हातानं कसं पाठवायचं? घडी मनगटाला तशीच बांधलेली होती. पुढच्या रविवारी जावई आले, आणि बोचक्यासकट लेक आणि नात गेली. नंतरच्या कॉलला विहीणबाईंचं कपाळ दिसलं तेव्हा मागं दोरीवर हत्ती वाळत होते. पाय फाकलेले आहेत हे मात्र त्या अजून म्हणतात.

भांडणाच्या दिवशीच मी फौंड्रीत फोन करून कळवलं की कामावर येता येणार नाही, हाड सुजलंय. सुपरवायझरनं विचारलं, कशानं? मी म्हणालो, चड्डीनं. त्यानं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी बायको माझ्या खांद्याला हळदीचा लेप लावत होती. मी जरा फुशारकीनं म्हणालो, "मी मधी शिरलो म्हनून बरं. न्हायतर विहीणबाईंचं टाळकं फुटलं असतं आन लेकीचा संसार बी."

लेप लावायचा तिचा हात थांबला नाही.

"पावण्या बाईवर कोन धोपाटणं उचलतंय?" ती म्हणाली. "नेम तुमच्यावरच हुता. चड्डी भाजलासा तवापास्नं."