मेंदू बघण्याचा कार्यक्रम

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी रोह्याचं एक स्थळ माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पेणला आलं. मुलगा कंपनीत इंजिनीअर. कंपनीत नुकतंच इंटरनेट आलं होतं. फुरसत आधीपासूनच होती. पोहे संपताच त्याने खिशातून छापील कागद काढला. आपला मेंदू पुरुषी की बायकी, हे सांगणारी परदेशातली शास्त्रीय चाचणी.

"आम्ही पत्रिका वगैरे मानत नाही," तो म्हणाला. आधुनिक माणसाला अडाणीपणासुद्धा बाहेरून मागवावा लागतो.

बहीण शाळेत भूगोल शिकवायची. आधीची सगळी स्थळं तिने नाकारली होती. हेही नाकारेल या धास्तीने वडिलांचा चहा निवत होता.

"नकाशा बघताना कागद फिरवता का?"

"फिरवला तर वर्ग हसेल," बहीण म्हणाली. गुण पुरुषाला.

"गाडी रिव्हर्समध्ये लावता येते?" आमच्याकडे सायकल होती, तीही भिंतीला टेकवायची. हा प्रश्न सोडून दिला.

"हाताचं बारीक काम जमतं?" नाही. पुन्हा पुरुषाला. आमच्या आळीत गणपतीचे डोळे रंगवणारे झाडून सगळे मिशीवाले होते. पण चाचणी काढणाऱ्याचं पेणला येणं झालं नसावं.

शेवटी निकाल लागला : मेंदू पुरुषी. मुलाच्या आईला हा रक्त-लघवीसारखा रिपोर्ट वाटला. "यावर औषध हाय काय?" तिने हळूच माझ्या आईला विचारलं.

"तुमचा काय आला?" बहिणीने मुलाला विचारलं.

"पूर्ण पुरुषी. ऑफिसात सोडवली होती."

"मग इथेही सोडवा. मी विचारते." तिने कागद ओढून घेतला आणि बेरजेला मला बसवलं. "सिनेमा बघताना रडू येतं?"

"छे."

"खोटं नको बोलू रे," त्याची आई म्हणाली. "टीव्हीवरचा कुत्रा मेला तर हा जेवला नाय गो त्या दिवशी!"

"रस्ता चुकलात तर कुणाला विचारता का?"

"नाही. स्वतः शोधतो."

"आत्ता स्टँडवरनं हितवर येताना पानवाल्याला विचारलंस, रिक्षावाल्याला विचारलंस, भिंत रंगवणाऱ्यालासुद्धा सोडलं नायस!"

मी बेरीज केली. रोह्याच्या ऑफिसातला पूर्ण पुरुष पेणमध्ये बराचसा बाई निघाला. प्रश्न तेच, माणूसही तोच. शास्त्राची एवढीच अट दिसत होती, की चाचणीच्या वेळी आई शेजारी नको.

हेही स्थळ गेलंच म्हणून वडिलांनी डोळे मिटले. मुलगा मात्र हसत सुटला. "कुत्र्याचं खरं आहे हो," असं म्हणत त्याने डोळे पुसले.

पाहुणे गेल्यावर वडिलांनी चाचरत विचारलं, "नकारच कळवायचा ना?"

बहीण बशा गोळा करत होती. "होकार कळवा," ती म्हणाली. "परक्या घरात आईने उघडं पाडलं, तरी तिच्यावर खेकसला नाही. मला तेवढं पुरे."